पांढरी पाच, केसभर चढी

या, असे पुढे सरका. दाराशी बसलात तर चपलांचीच कथा ऐकावी लागेल. मांडी घाला, भिंत हवी असेल तर भिंत घ्या. दमून आला असाल तर डोळे मिटलेत तरी चालेल, कान तेवढे उघडे ठेवा. आजचं आख्यान दोहाचं आहे. त्यात एक बुवा आहेत, एक तबलजी आहे, एक मुलगी आहे आणि खिडकीतला एक जुना एसी आहे. देव कुठे आहे ते तुमचं तुम्ही शोधा.

मुलीचं नाव नुपूर. वय सतरा. साल दोन हजार पाच, महिना मे. ती दोहातल्या एका ब्रिटिश शाळेत शेवटच्या वर्षाला होती, आपल्याकडची बारावी म्हणा. तिथे बारावीला विषय तीनच, पण तिन्ही हाडं मऊ करणारे. नुपूरने घेतले होते गणित, फिजिक्स आणि म्युझिक टेक्नॉलॉजी. पहिले दोन नातेवाइकांना सांगता येत. तिसरा आला की तिचे बाबा, संजीव, फोनवर खोकायला लागत. ते रास लफानला गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर होते. आठवडाभर तिकडेच राहायचे, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे.

“पण त्यात शिकवतात काय गं?” ते विचारत. “टेप चालू कसा करायचा?”

“बाबा, इट्स नॉट अ टेप.”

“तेच म्हणतो मी. टेपसुद्धा नाही!”

खरं तर शिकवत बरंच. कुठल्या गळ्यापुढे कुठला माइक, किती अंतरावर. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर कसं धरायचं. मग ते सगळे ट्रॅक एकत्र असे बसवायचे की ऐकणाऱ्याला शिवण दिसू नये. परीक्षेपेक्षा हातचं काम मोठं. खऱ्या गायक-वादकांना ध्वनिमुद्रित करून सीडी द्यायची आणि काय केलं, का केलं, ते लॉगबुकात लिहायचं. पंधरा मेच्या रविवारी दुपारी बारापर्यंत ते सगळं संगीताच्या सरांच्या टेबलावर हवं होतं. इंग्लंडमधल्या एका कॉलेजाने ध्वनिमुद्रणाच्या पदवीला तिची जागा धरून ठेवली होती, या विषयात ‘बी’ ग्रेड येईल या बोलीवर.

वर्गातल्या बाकीच्यांनी गिटार आणि ड्रमवाली मंडळी धरली होती. नुपूरने धरलं कीर्तन.

कारण साधं होतं. दोहाच्या अल नस्र भागातल्या तिच्या घराच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी कीर्तन होत असे. अकरा वर्षं होत होतं. लहानपणी ती त्याच गालिच्यावर, आईच्या मांडीवर, पूर्वरंग संपायच्या आत झोपून जायची. कीर्तनकार सुरेशबुवा. मूळचे सिन्नरचे. शनिवार ते गुरुवार इंडस्ट्रियल एरियात एका गोदामाचे स्टोअरकीपर, नट-बोल्ट मोजणारे. शुक्रवारी डोक्याला फेटा चढला की बुवा. तबल्यावर अब्बास. हा रत्नागिरीकडचा, वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. गावी घराशेजारी भजनी मंडळ होतं, तिथे पोरवयात हात बसला तो बसला. जुम्म्याची नमाज झाली की टोपी खिशात घालून तबल्याची पिशवी उचलून यायचा. पेटीवाले गृहस्थ दोन वर्षांपूर्वी पेटीसकट नागपूरला परत गेले. तेव्हापासून बुवांना साथ म्हणजे अब्बासचा तबला आणि श्रोत्यांच्या हातातले टाळ, एवढीच.

आणि आता बुवाही चालले होते. साठी झाली, कंपनीने फायनल एक्झिट दिली, म्हणजे कायमचं मायदेशी. विमान शनिवारी, चौदा तारखेला.

मार्चपासून सहा शुक्रवार नुपूरने त्या दोघांना शाळेच्या स्टुडिओत बसवलं. स्टुडिओ कसला, वाद्यांची जुनी खोली. भिंतींना फोम, मध्ये काच. काचेच्या अलीकडे नुपूर, पलीकडे बुवा. बुवांच्या कानांवर हेडफोन आणि त्यात एक यंत्र सेकंदामागून सेकंद टक, टक, टक करणारं.

“बाळ,” बुवा हेडफोन वर करून म्हणाले, “ही कोण कानात डाळ निवडतेय?”

“तो क्लिक आहे, काका. त्याच्यावर गायचं. म्हणजे नंतर मला एडिट करता येतं.”

“पण तो ऐकत नाही ना माझं. मी थांबलो तरी तो चालूच.”

“दॅट्स द पॉइंट, काका.”

अब्बासचं वेगळंच. तो तबला लावताना हातोडीने बाजूचा लाकडी गट्टा ठोके, मान वर करून छताकडे ऐके, आणि म्हणे, “लागला.” नुपूरच्या यंत्राची सुई मात्र मधोमध न थांबता नेहमी थोडी उजवीकडे जाई. बुवांनी सा लावला की तोही तेवढाच उजवीकडे. दोघेही केसभर चढे.

“अब्बासचाचा, शार्प आहे. थोडा खाली घ्या.”

“नाय गो बाय, बरोबर हाय.”

“मशीन सांगतंय ना!”

“मशीन सांगतंय काय? मग काय बोलायचं.” आणि त्याने हातोडीने गट्टे ठोकून तबला उतरवला. दिवसभराचं ओझं खाली ठेवावं तसा.

एकेक ओळ वेगळी. आधी तबला, मग बुवा, मग टाळ. बुवा एकाच ओळीला चौदा-चौदा वेळा उभे राहत. अगदी उभे, बसून गाणार नाहीत. समोर कोणी नाही, काचेत स्वतःचाच फेटा. “वन मोर, काका,” असं नुपूर म्हणाली की मान हलवत आणि पुन्हा सुरू करत. गोदामात आठवडाभर उभं राहून पाय सुजलेले असत. कधी तक्रार नाही. परतताना संजीवच्या गाडीत अब्बास पुढच्या सीटवर झोपून जाई आणि बुवा खिडकीला डोकं टेकत.

मग नुपूरचे आठवडे सुरू झाले. शाळा सुटली की काँप्युटर. बुवांचा शब्द जरा पुढे गेलाय, मागे ओढ. श्वास ऐकू येतोय, काप. टाळ उशिरा पडलाय, जागेवर बसव. चारशे-साडेचारशे टाळ तिने एकेक करून हाताने सरळ केले. रात्रीचं जेवण ताटात निवलेलं असे. आई, विभावरी, दाराशी येऊन नुसती उभी राहायची.

“झालं का गं?”

“ऑलमोस्ट.”

“तुझं ऑलमोस्ट म्हणजे कोकणातली एसटी. येतेय, येतेय!”

मे उजाडला तेव्हा काम पुरं झालं. सरांनी ऐकलं. म्हणाले, फार स्वच्छ आहे, मार्क चांगले मिळतील. नुपूरने सीडी केली आणि निघण्यापूर्वी बुवांना दाखवावी म्हणून गुरुवारी संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं. बुवा सोफ्याच्या कडेवर बसले, डोळे मिटले, सहा मिनिटं अगदी शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून अदबीने तिच्या हातात दिले.

“छान आहे हो,” म्हणाले. “कुठले बुवा हे?”

त्यांनी थट्टा केली नव्हती, तीच तर मारणारी गोष्ट होती. नुपूर हसली. मग उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच बसली.

तिला ठाऊक होतं ते. तीन आठवडे ठाऊक होतं. सीडीत सगळं होतं आणि बुवा नव्हते. आणि शनिवारी ते खरंच नसणार होते.

बाहेर येऊन ती म्हणाली, “काका, उद्याचं निरोपाचं कीर्तन मी रेकॉर्ड करू? इथेच. सगळ्यांसकट.”

“कर की. पण त्या डाळवालीला आणू नकोस.”

सरांना फोन केला. सर म्हणाले, शाळेचा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर ने, माइक ने. पण घरात केलंस आणि मागे घरघर आली तर मार्क जातील, ते मी वाचवू शकणार नाही. स्वच्छ सीडी तयार आहे, तीही लक्षात ठेव.

म्हणून शुक्रवारी चार वाजता, पंचवीस माणसं गालिच्यावर बसल्यावर, नुपूरने पंखे बंद केले आणि बुवांच्या गादीमागे खिडकीत बसवलेला तो एसी बंद केला. खिडक्या तर कीर्तनाला नेहमीच बंद, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

“मे महिन्यात?” विभावरीने डोळे मोठे केले. “माणसांना काय मोदकासारखी उकडणारेस?”

“आई, प्लीज. हम येतो त्याचा, घरघर. दोन तास फक्त.”

“राहू द्या, वहिनी,” बुवा फेटा सारखा करत म्हणाले. “गोदामात कुठे होता एसी?”

आता इथे एक गोष्ट ध्यानात धरा. बुवा एकदा नारदाच्या गादीवर उभे राहिले की ते स्टोअरकीपर राहत नाहीत. वयाने मोठे असलेलेही त्यांच्या पाया पडतात. त्यांना मधेच टोकायचं नाही, त्यांच्यासमोरून आडवं जायचं नाही, आणि नमन झालेलं कीर्तन आरतीवाचून सोडायचं नाही. गादीवर उभा असलेला माणूस दमला तरी दमलो म्हणत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणून कोणी शिकवत नसे.

नुपूर आतल्या खोलीच्या दारात रेकॉर्डर घेऊन बसली. कानांवर हेडफोन, मांडीवर सुईचं यंत्र. नमन झालं. पूर्वरंग बरा गेला. मग हॉलमध्ये पंचवीस माणसांची वाफ साठायला लागली आणि तबल्याची पुडी, वरचं कातडं, ओलावली. आज अब्बासने तबला यंत्राबरहुकूम लावला होता; सुई मधोमध होती ती डावीकडे कलली. अब्बास ओळीओळीच्या फटीत गट्टा ठोकत होता. ठोकला की दोन मिनिटं टिकायचा, पुन्हा उतरायचा. आणि तबल्याबरोबर बुवांचा गळा, पायरी पायरीने, जिना उतरावा तसा खाली. हेडफोनमध्ये नुपूरला प्रत्येक पायरी ऐकू येत होती. स्वच्छ, हम नसलेली, आणि खाली खाली जाणारी.

मध्यंतरात हार घातला, बुक्का लावला. बुवा पेलाभर पाणी प्यायले. उत्तररंगाला उभे राहिले तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता. आख्यान एका नावाड्याचं: आयुष्यभर लोकांना पैलतीरी नेणारा, आणि स्वतःला नेणारं कोणी नाही म्हणून काठावर बसलेला. त्याच्या तोंडी बुवांनी स्वतःच रचलेलं पद होतं:

दमला रे जीव, देवा, उतरून घे भार ।
तुझ्या उंबऱ्याशी मला एवढाच आधार ॥

‘आधार’वर आवाज चिरला. बुवांनी पुन्हा घेतला, पुन्हा चिरला. त्यांचा डावा हात मागे गेला, भिंत चाचपली, सापडली, आणि तिथेच राहिला.

संजीव अर्धवट उठले आणि बसले. विभावरीने नुपूरकडे पाहिलं. गादीवरच्या माणसाला थांब म्हणायची सोय नव्हती आणि ते स्वतः थांबणार नव्हते. पुढे अजून तीन कडवी, मग आरती. अर्धा तास. त्या अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिला पुरली असती. खरं तर एसीचं बटण दाबायला एवढा विचार लागू नये. पण सहा शुक्रवार, चारशे टाळ, इंग्लंडची जागा, हे सगळं तिच्या मांडीवर त्या यंत्रासारखं बसलं होतं, आणि ती इतकी थकली होती की पाय उचलायलाही तिला कुणाची तरी परवानगी हवी होती.

बुवांचा फेटा एका बाजूला कलला.

नुपूरने हेडफोन काढले. गादी ओलांडायची नाही म्हणून भिंतीला पाठ घासत, बुवांच्या मागून, एसीपर्यंत गेली आणि बटण फिरवलं.

खट्ट. आधी एसी खोकला. मग पत्रा खडखडला. मग तो हळूहळू स्थिर झाला आणि त्याची ती जुनी, एकसुरी घुमी हॉलभर पसरली. ती दाराशी परतली तेव्हा आठही ट्रॅकचे दिवे एका वेळी हलत होते. आठही माइकमध्ये एसी. खलास, ती मनात म्हणाली. तिला रडू आलं नाही. बरंच वाटलं, गादीवरून उतरल्यासारखं.

हेडफोन सवयीने कानाला लावले, तर अब्बास थांबला होता. मान वर करून छताकडे ऐकत होता. मग त्याने तीन ठोके दिले, फक्त तीन, आणि थाप मारली. बुवांचे डोळे मिटलेलेच. गार वारा पाठीला लागला तसा त्यांचा हात भिंतीवरून सुटला. त्यांनी श्वास घेतला आणि सा लावला.

तो सा कशाला तरी टेकला. तिला तो टेकलेला ऐकू आला. खाली ती घुमी, तिच्यावर तबला, त्याच्यावर बुवा. आणि ‘आधार’ शब्द आला तेव्हा पंचवीस माणसांनी तो न सांगता उचलला. टाळ वाकडेतिकडे पडत होते. कोणाचं तरी पोर रडत होतं. नुपूरने यंत्राकडे पाहिलं. सुई मधोमध नव्हती. केसभर उजवीकडे होती, आणि तिथून हलत नव्हती.

आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटला गेला. अब्बास तबल्यावर गवसणी चढवत होता. नुपूर त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“चाचा, तुम्ही त्या एसीवर लावता तबला?”

“मग? तुला म्हाईत नव्हता?” अब्बासला खरोखरच नवल वाटलं. “अकरा वर्सं त्याच्यावरच लावतंय. त्याचा कंप्रेसर पांढरी पाच गातो. पेटीची पाचवी पांढरी पट्टी नाय का, ती. केसभर चढी. बुवांचा सा पांढरी एक. बसल्या जागी पंचम मिळतो. तंबोरा कशाला हवा?”

“आणि बाबा नवा एसी आणणार होते तेव्हा...”

“मीच नको बोललंय. दोनदा. नव्याचा गळा कसा असंल कोनाला म्हाईत!”

“मग स्टुडिओत का नाही सांगितलंत?”

अब्बासने गवसणीची नाडी ओढली. “तू मशीनला विचारत होतीस, बाय. मना कुठं विचारलंस?”

बुवा पलीकडे पाय पसरून बसले होते. विभावरीने त्यांच्या पायांखाली उशी दिली होती. ते ऐकत होते. “अरे अब्बास,” ते म्हणाले, “आणि मी गावी सांगत आलो, संजीवच्या घरात गळा लागतो, वास्तूचाच गुण आहे म्हणून!” मग ते इतके हसले की पुन्हा पाणी द्यावं लागलं.

शनिवारी सकाळी बुवा गेले. विमानतळावर सोडायला संजीव आणि अब्बास गेले. नुपूर शाळेत होती. सुट्टी असून सरांनी स्टुडिओ उघडून दिला होता. तिने आधी घुमी कापून पाहिली. यंत्रात तशी सोय असते, नेमका तेवढाच सूर उपसून काढता येतो. काढला. बुवा लगेच अधांतरी झाले, पायाखालचा पाट ओढून घेतल्यासारखे. तिने घुमी परत आणली.

सरांनी दोन्ही ऐकलं. घुमीवालं दोनदा ऐकलं. मग म्हणाले, स्वच्छ सीडी दे, नुपूर. परीक्षक तुझ्या हॉलमध्ये बसलेला नाही.

रविवारी साडेअकराला तिने घुमीवाली सीडी पाकिटात घातली. लॉगबुकात शेवटच्या पानावर लिहिलं: गायन, सुरेशबुवा. तबला, अब्बास. पंचम, खिडकीतला एसी. मुद्दाम ठेवला आहे.

ऑगस्टमध्ये निकाल आला. ‘सी’. शेऱ्यात लिहिलं होतं, सर्वत्र पार्श्वभूमीचा गोंगाट. जागा गेली. वर्षभर ती घरी राहिली, शाळेत लहान मुलांच्या नाटकांना माइक लावत. मग दुसऱ्या एका कॉलेजाने घेतलं. निकाल लागला त्या गुरुवारी संजीव नेहमीपेक्षा उशिरा वर आले. विभावरीने गॅलरीतून पाहिलं तर ते खाली गाडीतच बसले होते, काचा लावून. गाडीत ती घुमीवाली सीडी चालू होती.

एक सीडी सिन्नरला गेली. बुवांचं पत्र आलं की रोज संध्याकाळी लावतो, डोळे मिटून बसतो, आणि मंडळींना सांगतो, ऐका, हा मीच आहे.

ती इमारत पुढे पाडली. एसी भंगारात गेला. अब्बास तिथेच राहिला, इंडस्ट्रियल एरियात, कंपनीच्या बसने जात-येत, दुसऱ्यांच्या भिंतीतली यंत्रं उघडत. शुक्रवारी त्याला बोलावणारं कोणी उरलं नाही. गादीवरच्याला हार मिळतो, सीडीवर नाव येतं. छताकडे कान लावून सूर धरून ठेवणाऱ्याचं तसं नसतं.

म्हणून तुमच्याजवळ एकच मागणं. उन्हातून दमून घरी याल, यंत्र चालू कराल आणि ते घुमायला लागेल, तेव्हा क्षणभर अब्बासची आठवण करा. जमलं तर त्याच्यासाठी, ज्या देवाचं नाव तुमच्या ओठी असेल त्याच्याकडे, दोन शब्दांत काही मागा. तो रत्नागिरीकडचा. तबला वाजवायचा.